वैखरीतला होकार

जानेवारीत चिखलदऱ्याला सकाळी इतका गारठा असतो की कीबोर्डवर बोटं चालत नाहीत. तरीही अडसरचं शिबिर दर वर्षी तिथेच भरायचं, कारण पहिलं शिबिर मिलिंद तायडे यांनी तिथे भरवलं होतं आणि त्यांना तो गारठा आवडायचा. दरीच्या कडेला बंद पडलेलं एक प्रशिक्षण केंद्र होतं. त्याचं लांबलचक जेवणघर आठवडाभर मागून घ्यायचं, टेबलं भिंतींना लावायची, वायरी पसरायच्या आणि ठिकठिकाणांहून आलेल्या तीस-चाळीस जणांनी हौसेने, फुकट काम करायचं, असा शिरस्ता होता.

अडसर म्हणजे दार आतून बंद करायचा लाकडी दांडा. त्याच नावाची ही संगणकप्रणाली होती. यंत्र चालू झालं की सगळ्यांत आधी ती जागी व्हायची आणि बाकीच्या प्रोग्रॅमनी एकमेकांच्या खोल्यांत डोकावू नये म्हणून पहारा द्यायची. तिची प्रत्येक ओळ जगातल्या कोणालाही वाचता यायची. ज्या कुलपाची रचना लपवावी लागते ते कुलूपच नव्हे, असं तायड्यांचं म्हणणं. तरुण असताना त्यांनी अकोल्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ती लिहायला घेतली. आता ती धरणांच्या दरवाज्यांत होती, रुग्णालयांत होती आणि खुद्द तायड्यांच्या डोक्यातही होती.

शर्वरी इंगोले त्या वर्षी सगळ्यांच्या आधी पोचली. पुण्यात एका बँकेच्या संगणक विभागात ती नोकरी करायची. कॉलेजात असताना तिने अडसरसाठी पहिली दुरुस्ती पाठवली होती, तेव्हा तायड्यांचं एका ओळीचं उत्तर आलं होतं : ‘हा कचरा आहे, पुन्हा लिही.’ ती रडली होती, आणि पुन्हा लिहून पाठवलं होतं. तेही परत आलं. असं करत करत ती शिकली आणि तायडे सरांचे मिलिंददादा झाले.

दुपारी दादांची गाडी आली. मज्जातंतूंच्या आजाराने त्यांचे हातपाय आधी गेले, मग जीभ, मग श्वास. मागच्या वर्षी डोळ्यांची हालचालही गेली. घशाला पाडलेल्या छिद्रातून यंत्र हवा आत-बाहेर करत होतं. उज्ज्वलावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गाडीतून उतरून आधी त्यांच्या कानांवर मफलर ओढला.

“काय वं शर्वरी, वाळली काऊन एवढी?” चाकांच्या खुर्चीला लावलेला स्पीकर बोलला. आवाज हुबेहूब दादांचा होता, आजारापूर्वीचा, वऱ्हाडी हेल काढणारा. “पुण्यात भाकर भेटत नाही का?”

सगळे हसले. वहिनीही हसल्या.

दादांच्या बोलण्यामागे जे यंत्र होतं त्याचं नाव वैखरी. आपल्याकडे जुन्या लोकांनी वाणीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. मुळाशी परा, शेवटी ओठांवर येते ती वैखरी. हे यंत्र मधलं अंतर तोडायचं. मेंदूच्या ज्या भागातून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतात, त्या भागावर केसाहून बारीक तारांची जाळी पसरलेली असायची. जीभ हलत नसली तरी हुकूम सुटतोच. जाळी तो टिपायची, यंत्र त्याचे शब्द करायचं.

पण जाळीला जे ऐकू येतं ते फार अंधूक असतं. म्हणून वैखरीत आणखी एक भाग होता, त्याला सगळे ‘पूरक’ म्हणत. पूरकाला त्या माणसाची जुनी पत्रं, फोनवरची बोलणी, भाषणं, सगळं शिकवलेलं असायचं. जाळीकडून ‘भा’ एवढंच आलं तरी समोर ताट आहे, दुपार आहे, हे कॅमेऱ्यातून बघून पूरक ‘भाकर’ म्हणायचा. मोबाइलवर टाइप करताना पुढचा शब्द आपोआप सुचवला जातो, तसंच. देशात अशी काही हजार माणसं वैखरीतून बोलत होती, आणि त्या प्रत्येक यंत्रात पहाऱ्याला अडसर होती.

त्या वर्षी शिबिराला मोठं काम होतं. जाळीची खोली आणि पूरकाची खोली एकच असल्याचं कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. यंत्र बनवणाऱ्यांनी वेग मिळावा म्हणून दोघांना एकाच जागेत बसवलं होतं. त्यामुळे पूरकात घुसणाऱ्या कोणालाही माणसाच्या मनात उमटलेले, पण त्याला बोलायचे नसलेले शब्दसुद्धा वाचता आले असते. मध्ये भिंत घालायची, भिंतीला एकच दार ठेवायचं आणि दारातून काय जातं त्याची मोजणी ठेवायची, असा उपाय ठरला. भिंत शर्वरीने लिहायला घेतली. जाळीच्या बाजूचं काम जुबेर शेखकडे होतं. जुबेर मालेगावचा, नाशकात वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि शर्वरीइतकाच जुना अडसरवाला.

भिंत उभी राहिली तेव्हा प्रश्न आला की खऱ्या माणसावर तपासायची कशी.

“माझ्यावर करा,” दादांचा आवाज म्हणाला. “माझ्या डोक्यात आता बिघडण्यासारखं काय राहिलं?”

शर्वरीला दुसऱ्या कोणत्या उत्तराची अपेक्षाच नव्हती. दादा असंच म्हणाले असते.

*

जेवणं झाल्यावर त्यांनी दादांची खुर्ची व्हरांड्यात उन्हाला नेली. वहिनी पाठीमागच्या चुलीशी बसून कोणाला तरी ठेच्यात लसूण किती घालायचा ते सांगत होत्या. जुबेरने यंत्राला वायर जोडली. शर्वरीने भिंत चढवली आणि पडद्यावर दाराची मोजणी उघडली.

“दादा, काही तरी बोला.”

“काय बोलू? ऊन मस्त आहे. जुबेर, तू लग्न कधी करतो बाप्पा?”

जुबेर हसला. शर्वरी पडद्याकडे बघत होती. मोजणी शून्यावर होती.

“दार बंद राहिलंय,” ती म्हणाली. “माझीच चूक असणार.”

तिने आपली प्रत्येक ओळ पुन्हा वाचली. चूक नव्हती. जुबेरने जाळीची प्रत्येक तार तपासली. तारा शाबूत होत्या. त्यांच्यातून मेंदूची अखंड खळखळ येत होती, पण दार उघडावं इतकं ठळक काहीच नव्हतं. इकडे दादा बोलतच होते. त्यांनी शर्वरीला एका जुन्या चुकीवरून चिडवलं, दरीतल्या धुक्याबद्दल सांगितलं. दारातून एक अक्षरही गेलं नव्हतं.

जुबेरने हळूच आपली खुर्ची मागे सरकवली. तो शर्वरीला बाजूला घेऊन गेला.

“आजार वाढला की सिग्नल मंद होतो,” तो म्हणाला. “मंद झाला की पूरक जास्त भरतो. इथे सगळंच तो भरतोय.”

“म्हणजे दादा बोलत नाहीत?”

“दादांनी काय म्हटलं असतं, ते बोललं जातंय.”

यात मुद्दाम कोणी फसवत नव्हतं. पूरकाला फसवायचं कळत नव्हतं, कारण त्यात कोणी नव्हतंच. अमुक माणूस इथे काय म्हणेल, एवढंच त्याला येत होतं, आणि ते तो चोख करत होता. शर्वरीला गेल्या वर्षातले दादांचे अभिप्राय आठवले. कामातल्या चुका नेमक्या दाखवलेल्या असायच्या, पण पुढे ‘छान प्रयत्न’ असं लिहिलेलं असायचं. आजाराने दादा मवाळ झाले, असं शिबिरात सगळे म्हणायचे. तीही म्हणाली होती.

“वहिनींना आत्ता नको सांगू,” जुबेर म्हणाला.

“मग कधी?”

जुबेर पुन्हा पडद्याकडे वळला.

*

शर्वरीने वहिनींना दरीच्या कठड्याकडे नेलं आणि जे होतं ते सांगितलं. उज्ज्वला तायडे शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“ते नाही सांगता येणार. आधी मोजणीच नव्हती.”

वहिनी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

“न्यूमोनिया झाला होता ना याला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घशाला छिद्र पाडून यंत्र लावायचं का. लावलं की मग काढणं अवघड. नाही लावलं तर चार दिवस. मी म्हटलं, त्यालाच विचारा. तर हा म्हणाला, हो, लावा, मला उज्ज्वलासोबत राहायचंय.” त्या शर्वरीकडे वळल्या. “तो हो कोणाचा होता, शर्वरी?”

वहिनींनी पुन्हा दरीकडे तोंड केलं.

“तेव्हा याचे डोळे हलत होते. सारखे फिरवत होता, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मला वाटलं डोळ्यांवर उजेड येतोय. मी ट्यूबलाइट बंद केली.”

मग त्या म्हणाल्या, “चल. आतला तो बंद करा. मला याच्याशी बोलायचंय.”

*

पूरक बंद केल्यावर स्पीकर गप्प झाला. आता व्हरांड्यात श्वासाच्या यंत्राचा तेवढा आवाज होता.

युक्ती जुबेरने काढली. आठवडी बाजाराच्या गलक्यात एखादा माणूस लांबून एकच नाव हाकारत असेल, तर एका हाकेला ते ऐकू येत नाही. पण त्या गलक्याचे शंभर तुकडे ध्वनिमुद्रित करून, प्रत्येक हाकेची वेळ जुळवून एकावर एक ठेवले, तर गलका एकमेकांत जिरून जातो, कारण तो दर वेळी वेगळा असतो. हाक तेवढी साठत जाते, कारण ती दर वेळी तीच असते. तेच इथे करायचं. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, दर वेळी एकाच ठेक्यात. हो म्हणायचं असेल तर जीभ टाळूला लावायचं मनात आणायचं, नाही म्हणायचं असेल तर ओठ मिटायचं. दोन्हींच्या जागा मेंदूत वेगळ्या होत्या. मग सगळ्यांची बेरीज करायची.

वहिनी खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसल्या.

“मिलिंद, मी उज्ज्वला. ऐकू येतंय का?”

ठेका पडला. पुन्हा तेच. “मिलिंद, मी उज्ज्वला. ऐकू येतंय का?” वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसा त्यांचा सूर एकसारखा होता. ऊन व्हरांड्यातून उतरून पायऱ्यांवर गेलं. पडद्यावरची रेघ आधी नुसती थरथरत होती. मग ती एका बाजूला झुकू लागली. रेघ झुकतच गेली, आणि मग शंका उरली नाही.

“हो आलाय,” जुबेर म्हणाला.

शर्वरीला आधी आनंद झाला. दादा होते. मग त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला आणि ती उठून बाहेर गेली. दादा होते, म्हणजे ते सगळा वेळ होते. कोणी तरी त्यांच्या आवाजात विनोद करत होतं, त्यांच्या नावाने अभिप्राय देत होतं, त्यांच्या बायकोशी बोलत होतं, आणि ते आत पडून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पुढचा प्रश्न विचारला. “यंत्र लावा असं तू म्हणाला होतास का?” दुपारपर्यंत रेघ दुसरीकडे गेली. नाही.

त्यानंतरच्या दिवशी त्यांनी कोणालाही जवळ बसू दिलं नाही, फक्त जुबेरला, कारण पडदा वाचायला तो लागणार होता. शर्वरी जेवणघराच्या खिडकीतून बघत होती. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. जुबेरने मान खाली घातली तेव्हा तिला कळलं.

वहिनी आत आल्या. “काढा म्हणतो,” त्या म्हणाल्या. “आता मी याला आधी आंघोळ घालते. पाणी गरम आहे का बघ.”

*

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळे एकत्र बसले. भिंत प्रसिद्ध करायचीच होती, त्यावर वाद नव्हता. वाद मोजणीवर होता. दारातून किती आलं हा आकडा घरच्या माणसांना प्रत्येक वाक्याबरोबर दिसावा, असं शर्वरीचं म्हणणं होतं.

जुबेर उभा राहिला. “भिंत घाला. पण आकडा दाखवू नका.”

“लपवायचं? अडसरमध्ये?”

“माझी अम्मी वैखरीवर आहे,” तो म्हणाला. हे कोणालाच माहीत नव्हतं. “पक्षाघातानंतर. रोज संध्याकाळी फोनवर बोलते माझ्याशी. मालेगावात घरी अब्बू एकटेच तिला सांभाळतात, ते तिच्या आवाजावर जगतात. तुम्ही आकडा दाखवाल आणि तो शून्य असेल, तर अब्बूंनी काय करायचं?”

“आणि ती आत असेल तर?” शर्वरी म्हणाली. “दादांसारखी? तिलाही काही सांगायचं असेल तर?”

“तर मला ते कळायला नको आहे,” जुबेर शांतपणे म्हणाला. “तीन दिवस तो पडदा मी वाचला, शर्वरी. तू नाही.”

मतं घेतली. आकडा दाखवायचं ठरलं. जुबेरने आपलं सामान आवरलं, वहिनींच्या पाया पडला, दादांच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि दुपारच्या एसटीने घाट उतरून परतवाड्याला गेला.

*

मिलिंद तायडे फाल्गुनात अकोल्याला आपल्या घरी वारले. श्वासाचं यंत्र काढायची परवानगी यायला मध्ये काही आठवडे गेले होते. शर्वरी तेव्हा तिथे नव्हती. तिला फोनवर कळलं.

पुण्यात ती पत्रांना उत्तरं देत होती. नवी अडसर सगळीकडे पोचली होती आणि घराघरांत आकडे दिसू लागले होते. ज्यांचा आकडा भरघोस होता ते लोक आभार मानत होते. एका बाईने लिहिलं होतं, तुमच्यामुळे मी माझ्या मुलाचे खरे शब्द ओळखू लागले, आता तो दिवसाला दोनच वाक्यं बोलतो पण ती त्याची आहेत. पण बरीच पत्रं वेगळी होती. परभणीच्या एका माणसाने विचारलं होतं, आमच्या वडिलांना तुम्ही का मारलंत? शर्वरीने त्याला बेरजेची पद्धत समजावून लिहिली. त्याचं उत्तर आलं नाही.

दरम्यान जुबेरने अडसरची वेगळी आवृत्ती काढली. भिंत होती, दार होतं, मोजणी नव्हती. सगळ्या ओळी उघड्या होत्या. काय काढलंय ते त्याने वरच सरळ लिहिलं होतं. काही आठवड्यांत निम्म्याहून जास्त घरांनी ती घेतली.

उन्हं तापू लागली तेव्हा ती अकोल्याला गेली. वहिनींनी माठातलं पाणी दिलं. दादांच्या खोलीतला पलंग काढलेला होता, जागा मोकळी होती. शर्वरीने जुबेरचं सगळं सांगितलं आणि तिचा राग पुन्हा वर आला.

“लोकांना खोटं हवंय, वहिनी. दादांनी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध काम केलं तेच.”

“जुबेरवर रागावू नकोस,” वहिनी म्हणाल्या. “मला आधी कोणी विचारलं असतं, तर मीही त्याचीच आवृत्ती मागितली असती.”

“आणि आता?”

“आता काय.” त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “कंपनीची माणसं आली होती. म्हणाली, पूरक हवा असेल तर घरी ठेवा, आवाज ऐकू येत राहील. मी पुसून टाकायला सांगितलं. फार गोड बोलायचा तो. मिलिंद इतका गोड कधीच नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी माझ्या भाजीला बरं म्हटलं नाही. आणि आजारपणात रोज म्हणायला लागला. मला वाटलं, चला, आता तरी याला कळलं.” त्यांनी ते टोक सोडलं. “मी हसायचे गं त्याच्याशी. रोज. पलंगाशी बसून, त्या दुसऱ्याशी. आणि हा ऐकत पडलेला.”

बाहेर कोणी तरी कुल्फीची घंटा वाजवत गेलं.

“घरी आणल्यावर, शेवटच्या त्या आठवड्यांत, मी त्याला एक विचारलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “भाचीला पडदा वाचायला बसवलं होतं. विचारलं, माझ्यावर रागावलास का?”

शर्वरीने मान वर केली.

“सकाळपासून विचारत होते. जेवायलाही उठले नाही. रेघ मधेच राहिली. जरा इकडे जायची, जरा तिकडे जायची, आणि पुन्हा मधे.”

“थकले असतील दादा,” शर्वरी म्हणाली.

“असेल,” वहिनी म्हणाल्या, आणि तिचा रिकामा पेला घेऊन आत गेल्या.